अध्यक्षांनी शेवटी वाचायचं

आमचे सासरे विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि जयपूरच्या कवींचे कायमचे अध्यक्ष झाले. मूळचे नागपूरचे, पण कविता हिंदीत करतात. दर महिन्याला सी-स्कीम भागातल्या एका हॉलमध्ये काव्यगोष्ठी भरते. रिवाज असा की अध्यक्षांनी सर्वांत शेवटी वाचायचं. ऐकायला मानाचं वाटतं. प्रत्यक्षात, स्वतःची कविता झाली की जो तो "ज़रा काम है, बाबूजी" म्हणत पाया पडतो आणि सटकतो. बाबांची पाळी येईपर्यंत समोर उरतात खुर्च्या, आणि त्या गोळा करणारे भैया. बाबा हार घेऊन घरी येतात, "छान झालं" म्हणतात आणि मुकाट जेवतात. माझा मात्र तिळपापड होतो.

मी जगतपुऱ्याच्या एका कॉलेजात फिल्म एडिटिंग शिकवते. म्हटलं, थांबा लेको, तुम्हाला बसवूनच दाखवते! शहरातल्या कवींवर एक माहितीपट करायचा, त्यात बाबा अगदी शेवटी, आणि तोवर हॉल भरलेला. एकदा तरी.

कवींना कॅमेऱ्यासमोर आणणं सोपं, पण थांबवणं? बाप्पा! मी सांगितलं होतं, कविता नको. या शहरात तुमच्यासोबत खरंच घडलेल्या गोष्टीचं एक वाक्य सांगा, सगळ्यांची वाक्यं जोडून आपण एकच कविता करू. "ज़रूर, ज़रूर" म्हणून एकाने वीररस सुरू केला. बॅटरी संपली, तो संपला नाही. एक बाई शूटिंगला तीन साड्या घेऊन आल्या, वाक्य मात्र आणायला विसरल्या. पण रंगाऱ्यांच्या बगरू गावचे एक कवी सहज बोलून गेले, "दादाजी को चिता पर रखा, तब भी नाखून नीले थे।" सगळा जन्म कापड निळीत बुडवण्यात गेलेला माणूस. मी कॅमेऱ्यामागे डोळे पुसले.

खरी मेख मारली ती एडिटिंगला. एकेकाला सलग दाखवलं, तर आपला भाग संपल्यावर तो उठून जाणार, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून प्रत्येकाचे तुकडे केले. इथे अर्धं वाक्य, तिथे नुसता हात, उरलेलं वाक्य कुठेतरी पुढे. आपण पुन्हा कधी दिसणार, हे कोणालाच कळू नये.

पुढच्या गोष्ठीत त्याच हॉलमध्ये माहितीपट लावला, आणि बसले की हो सगळे! वीररसवाले तर पाणी प्यायलाही उठले नाहीत. शेवटी पडद्यावर बाबा आले. "तीन साल के लिए तबादले पर आया था। दो बक्से आज तक नहीं खोले।" टाळ्या, आणि "बाबूजी, कविता! कविता!" असा एकच गलका. माझा ऊर भरून आला.

बाबा माइकपाशी गेले. खिशातून कागद काढला, उघडला, सगळ्यांकडे पाहिलं आणि घडी घालून परत ठेवला. "आज नहीं," म्हणाले आणि खाली येऊन बसले.

घरी येताना गाडीत माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "मी इथे रक्त आटवलं, आणि तुम्ही काय करून राहिले बाबा? लोक होते आज! वाचली काऊन नाही?"

"अगं, कविता तीच आहे," ते म्हणाले.

"तीच म्हणजे?"

"दर महिन्याला वाचतो ती. कित्येक वर्षं ती एकच वाचून राहिलो मी. वाटायचं, एखाद्या दिवशी कोणीतरी म्हणेल, बाबूजी, ये तो पिछली बार भी सुनाई थी. म्हणजे ऐकली ना कोणीतरी."

"मग आज तर सगळे ऐकणार होते!"

"हो ना. ऐकून म्हणाले असते, वाह बाबूजी, क्या नई कविता है!" बाबांनी खिडकीची काच खाली केली. "ते मला झेपलं नसतं."