मामांना मी उत्प्रेरक म्हणालो

हसणार नसाल तर सांगतो. माझं लग्न रसायनशास्त्रातल्या एका शब्दापायी मोडता मोडता राहिलं. आणि तो शब्द दुसऱ्या कुणी नाही, मीच काढला होता. तोही माईकवर!

मी नागभीडला कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. माझं न् प्रणालीचं साक्षगंध होतं. हे स्थळ जुळवलं तिच्या मामांनी, कोरपन्याच्या गुलाबमामांनी. दोन्ही घरं नाही-नाही म्हणत होती; मामांनी मोटारसायकल झिजवून सगळ्यांना राजी केलं. अंगठ्या घालून झाल्या, पंगत बसली, आणि कुणीतरी माझ्या हाती माईक दिला. मास्तराच्या हाती माईक! मग काय विचारता?

"गुलाबमामा म्हणजे उत्प्रेरक!" मी गरजलो.

मामांचा घास हातातच राहिला. "काय म्हणते हा मले?"

"शिवी देल्ली वाटते," शेजारचे पाहुणे म्हणाले.

मी घाईघाईनं समजावू लागलो. "नाही हो मामा! उत्प्रेरक टाकला की अभिक्रिया झटपट होते, पण तो स्वतः होता तसाच राहतो."

"म्हणजे मी सुधरत नाई?"

"तसं नव्हे! तेलाचं वनस्पती तूप करताना निकेल टाकतात ना, तसे तुम्ही. काम झालं की गाळून काढायचं!"

"मले गाळून काढून राह्यला बे!" मामा ताटावरून उठले. त्यांच्यामागे अख्खं कोरपना उठलं.

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. मला वाटलं, निदान उत्प्रेरकाची थोरवी तरी सांगावी. "फार नाजूक असतो हो तो! जरासं विष मिसळलं की संपला!"

मांडवाच्या टोकाला 'विष' एवढंच ऐकू गेलं.

"जेवणात विष हाय म्हणते नवरदेव!"

झालं! एक काकू नळाकडे धावल्या. माझे बाबा पोट धरून ओरडले, "मले काऊन आधी नाई सांगतलं रे?" आचारी झारा घेऊनच माझ्यावर आला. "कुठी हाय विष? दाखवा!"

शेवटी प्रणालीनं माईक हिसकावला. "मामाजी, तुमच्याबिगर हे लगन जुळलंच नसतं, असं म्हणून राह्यले ते."

मामा थबकले. "एवढंच?"

"एवढंच."

"मंग असं बोलाले काय झालं होतं याले?" मामा परत बसले आणि त्यांनी भात मागितला.

प्रणालीनं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "खरं सांगा, तुमच्या वर्गातली पोरं पास कशी होतात?"

आता होणाऱ्या बायकोशी खोटं कसं बोलू? म्हणालो, "ट्यूशन लावतात."