दूध कमी होईल

जनावरांच्या औषधपाण्याचं बघणाऱ्या एका सरकारी खात्यात प्रसिद्धी शाखा म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि प्रभावती मगदूम. कोल्हापुरात बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. डॉक्टर लोक बोलतील ते सरकारी मराठीत लिहायचं, वर्तमानपत्रांना पाठवायचं आणि रिक्षाला भोंगा लावून गावोगाव ऐकवायचं. ‘सर्व पशुपालक बंधूंना आवाहन करण्यात येते की’ हे टाइप करताना तिला बघावंसुद्धा लागत नसे, विळीवर कांदा चिरताना लागत नाही तसं.

यंदा लाळ्या-खुरकुताच्या लसीला मात्र लोक दारं लावून घेत होते. तोंडाचा आणि खुराचा हा रोग, जनावर वैरण सोडतं, दूध जातं, वासरं मरतात. लस फुकट, डॉक्टर दारात, तरी माणसं सांगत, “जनावरं रानात हाईत,” आणि आतनं म्हैस रेकत असे.

“मॅडम, सगळ्यात वाईट आकडा कुठला बघा,” म्हणत साहेबांनी कागद पुढं सरकवला. जयसिंगपूरच्या पलीकडचं गाव. तिचं सासर. मगदूम गल्लीत पंचवीस गोठे, लस टोचलेले दोन.

त्या दोनांत आपलं घर नाही, हे तिला न विचारताच कळलं.

रविवारी ती गेली. अव्वा, म्हणजे तिच्या सासूबाई, गोठ्यात उसाचं वाडं टाकत होत्या. पंच्याहत्तरी उलटली तरी दोन्ही म्हशींच्या धारा त्याच काढत.

“अव्वा, लस का टोचून घेतली नाही?”

“आधी चा घेतीस का आधी भांडतीस?”

“चहा मी ठेवते. सांगा तरी.”

अव्वांनी हात झटकले. “गेल्या साली तुझा भोंगा आला. सुनंनं लिवलंय म्हणून मी पयल्यांदा म्हस पुढं केली. माझं बघून गल्लीनं केली. दुसऱ्या दिशी दीड लिटर कमी! संस्थेत दूध घालाय गेलो तर बायका म्हणत्यात, काय वो अव्वा, तुमच्या कोल्हापूरच्या सुनंनं ह्ये सांगितलं न्हवतं व्हय?”

“पण आलं की परत दूध.”

“आलं की, पाचव्या दिशी. पर पाच दीस मी मान खाली घालून किटली न्हेली. तुला ठावं हुतं का न्हवतं, येवढंच सांग.”

प्रभावती आधण ठेवायच्या निमित्तानं वळली. ठाऊक होतं. डॉक्टरांच्या मसुद्यात शेवटी एक ओळ होती, ‘लसीकरणानंतर चार-पाच दिवस दुग्धोत्पादनात तात्पुरती घट संभवते.’ साहेब म्हणाले होते, ‘घट’ वाचून लोक बिथरतील, बघा काय करता येतंय. काढा, असं ते म्हणाले नव्हते. काढली तिनंच. आणि जागा पुरत नव्हती, असं स्वतःला सांगितलं.

“ठावं हुतं,” ती म्हणाली.

“मग सांगायचं की गं.” अव्वांचा आवाज चढला नाही, त्यामुळं जास्तच लागलं. “दूध कमी आलं म्हणून म्हस इकतोय व्हय आम्ही? आदुगर सांगितलं असतं तर रतिबाच्या घरांना तसं सांगून ठेवलं असतं. न सांगता झालं की मानूस फसवलं म्हनतंय.”

सोमवारी साहेबांनी नवा मजकूर दोनदा वाचला. “‘दूध कमी होईल’? पहिल्याच ओळीत?”

“होतंच ना, साहेब.”

“आणि ‘बंधू’ कुठं गेले?”

“धारा बायका काढतात. बंधू नुसतं विचारतात, किती निघालं.”

साहेबांना हसू आलं, पण पेन उचललं नाही. “उद्या वरून विचारलं, खात्यानं असं कसं लिहिलं, तर?”

“माझं नाव सांगा. मजकुरातच घातलंय.”

बावीस वर्षांत तिच्या पत्रकात कुणाचं नाव आलं नव्हतं. तिथं सगळं आपोआप ‘करण्यात येत’ असे. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, “एकाच गावात लावा. बघू.”

भोंग्याची रिक्षा सिकंदरची. कागद वाचून तो म्हणाला, “बाई, ह्यात आवाहन न्हाई?”

“नाही.”

“मग सरकारी हाय, हे कळणार कसं?”

“नाही कळलं तरी चालेल. करा रेकॉर्ड.”

त्याच्या मोबाईलसमोर ती बोलली. “मी मगदुमांची थोरली सून, प्रभावती. लस टोचल्यावर चार-पाच दिवस दूध कमी होईल. गेल्या वर्षी मला हे माहीत होतं, मी सांगितलं नाही. माझं चुकलं. लसीनं कमी झालेलं दूध परत येतं, रोगानं गेलेलं येईल याचा भरवसा नाही. बुधवारी धारा झाल्यावर जनावरं दावणीलाच ठेवा.”

सिकंदरनं बटण दाबलं. “चुकलं, हे बी ठिवायचं?”

“ठेवा.” सही झालेल्या कागदावर ते नव्हतं.

बुधवारी ती डॉक्टरांबरोबर गल्लीत उतरली. पहिलं दार बंद. दुसरंही बंद. तिसऱ्या दारात अव्वा हाताची घडी घालून उभ्या.

“अव्वा, आपल्यापासनं सुरू करू?”

“गेल्या साली मी पयली झालो. औंदा न्हाई.”

डॉक्टर घड्याळ बघू लागले. गल्लीतल्या बायका उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या, कुणी हलत नव्हतं. मग समोरच्या घरातून दीपा चौगुले, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली, शेणाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

“आमची घ्या, डॉक्टर. कमी हुतंय म्हणून सांगितलंय न्हवं? मग घ्या की.”

“थांब गं,” अव्वा म्हणाल्या, “तुझी म्हस लाथाडती, दावं मी धरतो.” आणि समोर गेल्या. तिथून परत आल्यावर त्यांनी आपल्याही दोन्ही पुढं केल्या.

दुपारपर्यंत सतरा गोठे झाले. सहा दारं उघडलीच नाहीत.

शुक्रवारी सकाळी प्रभावती डबा भरत असताना अव्वांचा फोन आला. “सव्वा लिटर कमी हाय.”

तिच्या हातातली पोळी हातातच राहिली. “बायका काय म्हणतात?”

“काय म्हनायच्यात? रांगेत एकमेकीला इचारत्यात, तुझं किती कमी, माझं येवढं. हसत्यात. आनि हे बघ, त्या सहा दारांसाठी परत भोंगा लाव. ह्या टायमाला मी बोलतो. तुझा आवाज लई बारीक येतोय.”