मशीन घेऊनच ये

भावसिंग राठोडची गाडी कळमनुरीच्या स्टँडबाहेर लिंबाखाली उभी असते. लग्न असो की दवाखाना, ती कुठंही जाते. पण तालुक्यात त्याचं नाव झालं ते हैदराबादच्या विमानतळामुळं. आखातात कामाला गेलेलं पोरगं यायचं असलं की घरचे म्हणतात, "भावसिंगला सांगा." आतून माणूस लवकर बाहेर येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. पासपोर्टवर शिक्का, मग पट्ट्यावर बॅगेची वाट, मग कस्टमवाल्यांची उलटतपासणी. काचेच्या दाराकडं डोळे लावून बसलेल्या आयाबायांना तो सांगतो, "इमान उतरलं म्हंजी माणूस उतरला न्हाई, मावशे. चहा घ्या."

धम्मदीपला आणायला मात्र तो एकटाच गेला होता.

धम्मदीप कतारमध्ये एसीची कामं करायचा. आईचा, चांगुणाबाईचा, श्वास पुरत नव्हता म्हणून रजा काढून निघाला. तो तिकडं विमानतळावर पोचला आणि इकडं ती गेली. धम्मदीपच्या चुलत्यानं, कोंडीबाकाकांनी, गाडीच्या खिडकीत हात घालून भावसिंगचं मनगट धरलं. "लेकरू एकटंच येऊन राहिलं. वाटंत काही बोलू नको, बाबा. घरी आल्यावर बघू."

असंच करतात सगळीकडं. भावसिंगनं मान हलवली.

विमान सकाळी वेळेवर उतरलं. बराच वेळ गेला, मग फोन वाजला.

"दादा, कस्टमवाल्यांनी मशीन अडवलंय."

"कसलं मशीन?"

"आईसाठी आणलंय, ऑक्सिजनचं. बिल दाखवलं तर म्हणतात, मोठे साहेब येऊ द्या. अजून लई वेळ लागंल. सोडून येऊ का?" तो थांबला. "आई कशी हाय?"

दार उघडमीट होत होतं. ट्रॉल्या बाहेर येत होत्या, कुणीतरी कुणाच्या गळ्यात पडत होतं. सोड म्हणावं, असं भावसिंगच्या अगदी ओठावर आलं. पण मग तो विचारील, काहून? एवढ्या जरुरीचं मशीन काहून सोडू?

"बरी हाय," भावसिंग म्हणाला. "घाई न्हाई. मशीन घेऊनच ये."

लगेच कोंडीबाकाकांचा फोन. "कुठवर आला रे?"

"आतच हाय अजून."

"मे महिना हाय, भावसिंग. बर्फाचं पाणी व्हायलं. पाहुणे किती वेळ थांबतील?"

"निघालोच आमी," तो म्हणाला. आता दोन्हीकडं खोटं बोलून झालं होतं.

धम्मदीप बाहेर आला तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. शर्ट घामानं चिकटलेला, ट्रॉलीवर मोठं खोकं. "सोडलं एकदाचं," तो म्हणाला. भावसिंगनं खोकं मागच्या सीटवर आडवं ठेवलं. त्या दिवशी त्यानं गाडी जशी पळवली तशी ना आधी कधी पळवली, ना नंतर. नांदेडच्या अलीकडं कोंडीबाकाकांचा फोन आला. "न्हाई थांबता आलं." एवढंच. फोन खिशात ठेवून भावसिंग समोर बघत राहिला. तेव्हाही त्यानं सांगितलं नाही.

गावाच्या वळणावर माणसं स्मशानातून परतत होती. धम्मदीपनं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "गाडी थांबवा, दादा."

नंतर अंगणात कुणीतरी टोचून बोललं, "डायवरला कळायला नको? जरा लवकर आणायचं." धम्मदीप म्हणाला, "त्यांना कुठं ठाऊक होतं? त्यांना काही बोलू नका." भावसिंग हौदाजवळ उभा होता. कोंडीबाकाकांनी नजर खाली घातली. त्यानंही घातली.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर परत विमानतळावर सोडायलाही धम्मदीपनं त्यालाच बोलावलं. दुसऱ्या कुणाला पाठवतो म्हणून भावसिंगनं टाळून पाहिलं, जमलं नाही. नांदेड मागं पडल्यावर तो म्हणाला, "मला ठाऊक व्हतं, धम्मदीप. निघतानाच ठाऊक व्हतं."

धम्मदीप खिडकीबाहेर बघत होता. एक मालट्रक मागं गेला, एक पूल गेला.

"मलाबी," तो म्हणाला. "इमानात बसायच्या आधी फोन केला, काकांनी तो आईजवळ दिला न्हाई, तवाच कळलं. मशीनसाठी त्या साहेबासंगं भांडत बसलो. सोडून दिलं असतं तर आई गेली हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं."

भावसिंगचा श्वास जरा मोकळा झाला. घडीभरच.

"म्हणून तुमाला इचारलं, दादा. तुमी सोड म्हणाला असता, तर तसाच पळत आलो असतो. तोंड तरी दिसलं असतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भावसिंगला उत्तर देता आलं असतं.