शंभराच्या रोख्याचे शंभर मिळेनात

माझी मोठी बहीण मारेगावच्या दवाखान्यात नर्स होती. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारी ती पहिलीच. त्या पगारातून तिने सरकारी कर्जरोखे घेतले होते, कारण सरकारचा कागद बुडत नाही, असं बाबांचं ठाम मत होतं. यवतमाळात घरासाठी जागा मिळत होती, तेव्हा रोखे विकायला आम्ही दोघी बँकेत गेलो.

मॅनेजर म्हणाले, "बाई, शंभराच्या रोख्याचे आज शंभर मिळणार नाहीत."

ताईने रोखा त्यांच्यापुढे सरकवला. "काहून? कागदावर त शंभरच लिहून हाये."

"व्याजाचे दर वाढले. सरकारचे नवे रोखे जास्त व्याज देतात. मग तुमचा कमी व्याजाचा जुना रोखा पूर्ण किमतीला कोण घेईल? मुदत संपेपर्यंत थांबलात, तर मात्र पूर्ण शंभर मिळतील."

जागेचा मालक थांबायला तयार नव्हता. ताईने तोट्यात रोखे विकले आणि पूर्ण जागेला पैसे पुरेनात म्हणून अर्धीच घेतली.

मला हे कोडं सुटेना. चोरी झाली नव्हती, सरकार बुडालं नव्हतं, तरी तिचे पैसे कमी झाले होते. बाबांचा तर विश्वासच बसेना. "मंग ते पैसे गेले कोनापाशी?" असं ते विचारत राहिले. शेवटी स्वतःच बँकेत जाऊन आले आणि खाटेवर बसत हळूच म्हणाले, "तो मानूस खोटं नाई बोलून राह्यला."

त्या अर्ध्या जागेवर पुढे आमच्या दोन खोल्या झाल्या.