लाटता लाटता पॉडकास्ट

पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे लोक परत न्यायला विसरतात ते डबे आणि दुसरी म्हणजे किस्से. डबे मी वर्षातून एकदा भंगारात देते. किस्से कुणाला देणार? म्हणून आज तुम्ही सापडलात!

कोपरीत आमचं छोटंसं केंद्र आहे. आम्ही तिघीच. कुसुमताई लाटतात, रंजना भाजते, भाज्या आणि गिऱ्हाईक माझ्याकडे. मध्यंतरी माझी झोप पार उडाली होती. कारण काही नाही, उगाच छातीत धडधड. डॉक्टरांनी गोळी दिली, आणि डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या लेकीने फोनवर एक पॉडकास्ट लावून दिला. समुपदेशन करणाऱ्या एक बाई त्यात मनाच्या दुखण्यांबद्दल बोलतात, अगदी सावकाश. घरी ऐकायला वेळ कुठला? मी सरळ केंद्रातच स्पीकर आणून ठेवला. पहिल्या दिवशी अर्धा तास ऐकून रंजनाने विचारलं, "ताई, ही बाई गाणार कधी?"

कुसुमताईंनी मात्र पहिल्या दिवसापासून कान दिला. त्यांचा नीलेश, सत्तावीस वर्षांचा, नोकरी गेल्यापासून आठ महिने आतल्या खोलीत बसून होता. घराबाहेर पाऊल नाही. ताट दारापाशी ठेवायचं, रिकामं झालं की उचलायचं. डॉक्टरकडे चल म्हटलं की दार बंद. कुसुमताईंना या बाईंकडून एवढंच हवं होतं, पोराला बाहेर कसं काढायचं ते सांगा.

*

आमच्याकडे लाटणारीने मोठ्याने मोजायचं, अशी पद्धत आहे. पोळी लाटून झाली की आकडा. त्यावर भाजणारी विसंबून, आणि मीही.

एकदा टेंभी नाक्यावरच्या एका बारशाची साठ पोळ्यांची ऑर्डर होती. कुसुमताई छत्तीसवर आल्या आणि नेमक्या तेव्हाच बाई म्हणाल्या, चार मोजेपर्यंत श्वास घ्या, सात मोजेपर्यंत धरा, आठ मोजेपर्यंत सोडा. कुसुमताईंनी लाटणं खाली ठेवलं, घेतला, धरला, सोडला. मग लाटणं उचललं आणि म्हणाल्या, "नऊ."

तिथून त्या शांतपणे साठपर्यंत गेल्या. टोपलीत पोळ्या मावेनात तेव्हा माझं लक्ष गेलं. अठ्ठ्याऐंशी! मी कपाळाला हात लावला. रंजना म्हणाली, "जाऊ द्या ताई. पण बरं वाटतंय की नाही?"

*

रंजनाचं एक वेगळंच. ती कल्याणला चाळीत राहते. तिला पॉडकास्टची गोडी लागली, तशी ती घरीही ऐकायला लागली. एकदा तिच्या फोनमधून बाईंचा आवाज ऐकला, तर बाई घोड्यावर बसून आल्यासारख्या बोलत होत्या. डोळे मिटा, खांदे सैल सोडा, सगळं एका दमात. मी म्हटलं, अगं, दुप्पट वेगाने काय लावतेस, ते मन शांत करायचं आहे.

"माहित्येय ना ताई. पण मला साडेपाचच्या आत शांत व्हायचंय. नंतर नळाला पाणी येतं."

*

मग आला 'नाही म्हणायला शिका' हा भाग. तो मी लावायलाच नको होता.

दुसऱ्या दिवशी मी रंजनाला कांदा चिरायला सांगितला. नाही म्हणाली. शनिवारी जरा लवकर ये म्हटलं, तर त्यालाही नाही. वर माझ्याकडे कौतुकाने बघत उभी, की बघा, जमतंय मला! शाबासकी द्यावी की ओरडावं, मला कळेना. तिच्या घरी सासू, दीर, दोन नणंदा. आयुष्यात तिने कुणाला नाही म्हटलं नव्हतं आणि सुरुवात माझ्यापासून केली, कारण मी ऐकून घेईन अशी तिला खात्री होती. खरं सांगते, मला भरून आलं. कांदा मीच चिरला, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या विषयाचा दुसरा भाग आमच्याकडे अजून लागलेला नाही.

*

देवधरकाका रोज अकराला चार पोळ्या न्यायला येतात. गेल्या वर्षी काकू गेल्या. मुलगा परदेशात. पोळ्या बांधून हातात दिल्या तरी काका काउंटरपाशी रेंगाळायचे. विचारलं की म्हणायचे, जरा निवू देतोय.

एके दिवशी बाई एकटेपणावर बोलत होत्या. काका चष्मा पुसत उभे. पुसून झाला, पुन्हा पुसला. रंजनाने आतलं स्टूल बाहेर नेऊन ठेवलं आणि परत तव्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी काकांनी पाच पोळ्या मागितल्या. मी विचारलं, पाहुणे आलेत का?

"नाही हो," काका स्टुलावर बसत म्हणाले, "पाचवी इथे खाईन म्हणतो."

*

घरात कुणी खचलेलं असेल तर उपदेश करू नका, नुसते जवळ बसा, त्याचं ऐका. हे कुसुमताईंनी एकदा ऐकलं आणि त्याच संध्याकाळी नीलेशच्या बंद दाराबाहेर पाट टाकून बसल्या. एक शब्द नाही. तासाभराने माझ्या फोनवर नीलेशचा मेसेज आला. काकू, आई मघापासून दाराबाहेर बसलीये, बोलत नाहीये, तिला बरं नाही का?

मी लिहिलं, बरी आहे, ती तुझं ऐकतेय.

त्याचं उत्तर आलं, "पण मी काही बोललोच नाहीये!"

सकाळी तो मेसेज वाचून दाखवला, तर कुसुमताई हरखून गेल्या. आठ महिन्यांत पोराने पहिल्यांदा कुणाची तरी विचारपूस केली होती.

*

त्यानंतर काही दिवसांनी बाई म्हणाल्या, आपण आजारी माणसाला रोज तू कसा आहेस विचारतो, पण आपण कसे आहोत ते त्याला कधी सांगतच नाही. एकदा सांगून बघा.

कुसुमताई त्या दिवशी मोजायच्या थांबल्या. त्याच्यासमोर बोलायला गेलं की मला रडू फुटतं, म्हणाल्या, आणि रडले की तो दार लावून घेतो. रंजनाने हात पुसले, कुसुमताईंच्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पोळपाटाशेजारी ठेवलं. "मावशी, याच्यात बोला. याला दार नाहीये."

आम्ही दोघी शटर अर्धं ओढून बाहेर थांबलो. थोड्या वेळाने त्यांनी आम्हाला आत बोलावलं आणि काही चुकलं नाही ना म्हणून ऐकायला लावलं.

"नीलेश, मी आई बोलतेय. पोळ्या झाल्या, आता निघेन. एक सांगायचंय, रागावू नकोस. रोज घरी येताना मला जिना चढायची भीती वाटते रे. तीन मजले पाय उचलत नाहीत. दार उघडल्यावर तू असशील ना, एवढंच डोक्यात असतं. नोकरी मिळो, न मिळो. मला तू हवायस. बस, ठेवते."

रंजनाने ते पाठवून दिलं. थोड्या वेळाने निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. संध्याकाळी ताट नेहमीसारखं दारापाशी गेलं आणि रिकामं होऊन बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी कुसुमताईंना काही विचारायची आमची हिंमत झाली नाही.

तीन वाजता आवराआवर चालली होती. काउंटरपाशी एक दाढी वाढलेला मुलगा येऊन उभा राहिला. पँट सैल झालेली, ती एका हाताने धरलेली. रंजनाला वाटलं गिऱ्हाईक, ती म्हणाली, चपात्या संपल्या. कुसुमताईंनी मान वर केली आणि तशाच बघत राहिल्या. मी म्हटलं, नीलेश ना रे तू? ये, आत ये.

तो आत आला नाही. खाली बघत आईला म्हणाला, "जिना चढायची भीती वाटते म्हणालीस ना. चल, बरोबर चढू."