रीस्टार्ट मारू न देणारे भागवत सर

भागवत सर आज सकाळी गेले. धारूरला, घरीच. अटॅक.

मी कॉलेज सेकंड इयरला सोडलं. कारण दोस्तांना माहितीय, तिचं नाव घेत नाही. त्यानंतर अख्ख्या बीडात मला कामाला ठेवणारा हा एकच माणूस निघाला.

"डिग्री?"
"न्हाई."
"राग लई हाय म्हणे तुला."
"हाय."
"बस. कोडिंग येतं का? जावा?"

कापसाच्या एका जिनिंग मिलची वेबसाइट आम्ही चालवायचो. शेतकरी मोबाईलवर टोकन घ्यायचे, नंबर लागला की मेसेज जायचा, मग कापसाची गाडी आणायची.

ऐन हंगामात सर्व्हर रोज दुपारी मान टाकायला लागला. मेमरी भरत भरत जायची आणि सगळं ठप्प.

मी रीस्टार्ट मारायचो. दोन तास बरा. पण जायचे राहिलेले मेसेज उडून जायचे, आणि पाटोद्याकडची माणसं वाट बघत घरीच.

जिनिंगचे मालक म्हणाले, "मोठी मशीन घ्या, न्हाईतर पोरगं बदला."

त्या दुपारी माझं बोट रीस्टार्टवर होतं. सरांनी मनगट धरलं.

"मेल्यावर काय विचारणार बे त्याला? जिता हाय तवर विचार."

मग थ्रेड डम्प. म्हणजे आतला कोणता गडी या घडीला काय करतोय, त्याचा फोटो. दहा-दहा सेकंदांनी तीन.

तिन्हीत तेच. अकराशेच्या वर थ्रेड, म्हणजे गडी. काम संपलेले, रिकामे, नुसते उभे.

सरांचे आईबाप ऊसतोडीला जायचे. सर हसले.

"टोळी आणली, फड तुटला, पण मुकादमानं घरी जा म्हणलंच न्हाई. हजार माणूस फडात उभं हाय. जागा अडवणारच की."

तो मुकादम मी होतो.

सगळ्या मेसेजना मिळून एकच टोळी पुरते. मी दर मेसेजला नवी उघडली होती आणि एकही बंद केली नव्हती. कोड लिहिला होता तिच्या साखरपुड्याच्या दिवशी.

सरांनी तारीख बघितली.

"त्या दिवशी तू जेवला बी नव्हतास."

मी ती फाइल उघडली.

"तिला विसरायला कोड लिहीत जाऊ नको. कोडला लागतं."

चार ओळी बदलल्या. संध्याकाळी थ्रेडचा आकडा वीसवर थांबला तो थांबलाच. मेमरी पण.

मालक आले. "हा बिघाड कुणाचं काम?"

मी खुर्चीतून उठत होतो. वाटलं, गेली नोकरी.

"माझं," सर म्हणाले. माझ्याकडं बघितलं पण नाही.

बाहेर आल्यावर मी भडकलो. "सर, खोटं कावून बोललात?"

"खोटं काय त्यात? तू लिहिलंस, मी न वाचता सर्व्हरवर चढवलं. मग कुणाचं?"

मला भांडायला काही सुचलं नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल ही केवढी गोष्ट आहे.

सर, आता दुसऱ्याचा कोड मी ओळ न् ओळ वाचून चढवतो. चुकला तर माझं नाव सांगतो.

शेवटचा नमस्कार घ्या.