बायनाबाईचा पळस

पेडगावातल्या निम्म्या माणसांची नाळ बायनाबाईनं कापलेली होती आणि उरलेल्या निम्म्यांची तिच्या सासूनं. बायनाबाईला अक्षरओळख नव्हती आणि पंचांग कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. बाईचे दिवस ती झाडांवर मोजायची. पोरीला दिवस गेल्याचं कळलं की विचारायची, शेवटची न्हालीस तेव्हा रानात काय होतं? चिंच फुलली होती, की सीताफळानं डोळे उघडले होते? मग सांगायची, अमक्या झाडाला अमकं आलं की मला बोलवा. लोक तिला हसायचे आणि वेळ आली की धावत बोलवायलाही यायचे.

मन्मथअप्पा वाण्याची सून महादेवी जांभळं गळायच्या दिवसांत न्हाली होती. बायनाबाईनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "पळस फुलला की लेकरू."

यंदा थंडीच हटायला तयार नव्हती. माघी पुनव होऊन पाच दिवस झाले तरी सकाळी अंगावरचं घोंगडं टाकवत नव्हतं. त्यात सत्तेचाळीस सरल्यापासून निजामाच्या मुलखात रझाकारांची धास्ती. अप्पांच्या घरात ठरलं, सुनेला माहेरी वाशिमला पोचवायचं, तिकडं वऱ्हाडात राज्य वेगळं. पिंगळीपर्यंत बैलगाडी, तिथून रेल्वेनं पूर्णा, पूर्णेला गाडी बदलून हिंगोली आणि पुढं सरहद्दीपार पुन्हा बैलगाडी. दोन दिवसांचा खेळ. आठव्या महिन्यात बाईला हलवायचं नसतं म्हणून महादेवीची सासू नागुबाई पुनवेपर्यंत थांबली होती. आता आठवा सरला. आज दुपारी गाडी निघणार होती.

जायच्या आधी पोरीला तेल लावायला म्हणून बायनाबाई सकाळीच आली. पोटावरून हात फिरवला आणि तेलाची वाटी बाजूला सारली.

"अक्का, पोट उतरलंय. हिचे दिवस भरलेत. नका नेऊ."

"आठ म्हैने झाले फक्त," नागुबाई दशम्या बांधता बांधता म्हणाली. "नववा आत्ता लागलाय. हात म्हातारे झाले तुजे. आन् तुजा पळस तरी कुटं फुललाय?"

गावाभोवतालचे पळस नुसत्या काटक्या होऊन उभे होते. हात एक सांगत होते आणि झाडं दुसरंच. खरं कोणाचं धरायचं? ती उठली, पदर खोचला आणि ओढ्याच्या वाटेला लागली. ओढ्याकाठी बांधावर जुने पळस होते. दुपारपर्यंत परतायचं होतं.

चालताना तिला शांतम्मा आठवत होती. खरं सांगायचं तर चार वर्षांत ती तिला विसरलीच नव्हती. गावातल्याच गुरुसिद्धप्पाची ती सून. तिचंही पोट असंच हाताला लागलं होतं, घरच्यांनी असंच उडवून लावून तिला माहेरी धाडलं होतं, आणि आपल्याला काय कळतंय म्हणून बायनाबाई गप्प बसली होती. शांतम्मा पूर्णेच्या अलीकडं गाडीतच गेली. पोटातलं लेकरूही गेलं. बायनाबाईला कोणी बोल लावला नाही, हेच तिला जास्त खात होतं.

रानात ज्वारी कापणीला आली होती. करडई पिवळी पडत होती. बायनाबाई एकेका झाडापाशी थांबून बघू लागली. लिंबाची पानं गळायला लागली होती, पण नवी पालवी नव्हती. बांधावरच्या आंब्याला मोहर होता, तोही दबकत दबकत आलेला, एका फांदीला आहे तर दुसरीला नाही. काटेसावरीला कळ्या होत्या, त्या घट्ट मिटलेल्या. नखानं एक फोडून पाहिली, आत हिरवंच. कोकिळेचा आवाजसुद्धा कुठं नव्हता. प्रत्येक झाड तिला नाही म्हणत होतं. ऊन चढत होतं. तेवढ्यात पिंगळीच्या सडकेवर लॉरीची घरघर ऐकू आली. ती जोंधळ्यात खाली बसली, आवाज दूर जाईपर्यंत. कोण होतं ते तिनं पाहिलं नाही.

ओढ्याचे पळसही लांबून काळेच दिसले. बायनाबाईला रडू आलं. तरी आलोच आहोत म्हणून ती जवळ गेली. फांद्यांवर काळपट, मखमली कळ्यांचे झुबके बसलेले होते. एकीतही रंग नव्हता. ती दुसऱ्या अंगाला वळली, दरडीच्या आडोशाला, जिथं वारा लागत नव्हता आणि ऊन थेट पडत होतं. तिथं एका खालच्या फांदीवर चार फुलं उमललेली होती, लालभडक. एका मुंगळ्यानं तिथं आधीच मुक्काम ठोकला होता.

तिनं ती डहाळी मोडून घेतली आणि आल्या वाटेनं निघाली. चालता चालता बोटांवर मोजू लागली. जांभळं गळाली, मग पेरण्या झाल्या, मग तेरडा फुलला. तेरड्याच्या दिवसांत महादेवी माहेरी होती. नवऱ्यासोबत आणि अनारशांच्या डब्यासोबत परत आली होती. अनारसे. बायनाबाई वाटेतच थबकली. मग तिनं जवळजवळ धावतच गाव गाठलं.

दारात बैल जुंपलेले होते. महादेवी गाडीत गोधडीवर बसली होती, ओठ आवळून. बायनाबाईनं डहाळी नागुबाईच्या हातात दिली.

"अक्का, म्हैने मोजा बरं. माज्यासमोर."

"आता येळ हाय का गं?" नागुबाई वैतागली, पण फुलं बघून तिनं बोटं धरली. "आखाड, श्रावण, भादवा, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. आठ."

"आन् धोंडा? ही अनारसे घेऊन आली त्यो?"

"धोंड्याचा म्हैना कोण धरतंय? अधिक मास त्यो. कोणत्याच कार्याला मोजत न्हाईत."

"तुमी धरला न्हाई. पोटातल्या लेकरानं धरलाय."

मन्मथअप्पांनी पुढं होऊन सुनेकडं पाहिलं. "पोरी, दुखायलंय का?"

महादेवीनं मान खाली घातली. "पहाटेपासनं. थांबून थांबून. आत्याबाईंना वाटलं परवासाच्या भेवानं."

अप्पांनी स्वतःच्या हातानं बैल सोडले.

दिवस कलायच्या आत महादेवी बाळंत झाली. मुलगी. पूर्णेला जाणारी गाडी पिंगळीच्या स्टेशनात शिरायची ती वेळ. नागुबाईनं नातीला मांडीवर घेतलं, आणि क्षणभरात लेकरू परत बायनाबाईच्या हातात दिलं.

नागुबाईनं विचारलं, "बायना, त्यो पळस फुललाच नसता तर?"

बायनाबाई बाळाचं डोकं पुसत होती. पटकन खोटं बोलणं सोपं होतं.

"तर मी गप बसले असते, अक्का," ती म्हणाली. "शांतम्माच्या येळेसारखी."

कोनाड्यात ठेवलेल्या डहाळीची फुलं एव्हाना मलूल झाली होती.